पूरमायची जागा

वर्ध्याहून अल्लीपूरकडे जाणारी सडक निंबखेडीजवळ आली की एकदम डावीकडे वळायची, टेकाडाला अर्धा वळसा घालायची आणि मग पुन्हा आपल्या वाटेला लागायची. सरळ गेली असती तर पाव मैल वाचला असता. बैलगाडीवाले त्या वळणाला शिव्या द्यायचे, मोटारीचे ड्रायव्हर द्यायचे, आणि साहेबलोक नकाशावर पेन्सिल टेकवून सभ्य भाषेत द्यायचे. ज्यांनी ती सडक वाकवली ते काय डोळे मिटून चालत होते का, हे विचारायला मात्र कुणाला सवड नव्हती.

त्या वळणासकट चार मैल सडक डोमाजी थूलच्या ताब्यात होती. ताब्यात म्हणजे सांभाळायला. तो गँगचा मेट, म्हणजे मुकादम. हाताखाली सात माणसं, दोन सब्बली म्हणजे पहारी, टिकाव, घमेली, दुरमूस आणि एक लाल निशाण. खड्डा पडला की मुरूम भरायचा, पाणी साचलं की नाली काढायची, आणि साहेबांची जीप दिसली की निशाण काखेत मारून उभं राहायचं. माणूस उंच, हाडकुळा, बोलायला कंजूष. चालताना नजर कायम पायापुढच्या दहा हातांवर. डोमाजीला माणसाचं तोंड ओळखू येत नाही, पण चाकोरी पाहून गाडी कोणाची ते सांगतो, असं लोक म्हणत. त्याची बायको कमलाबाई त्याच गँगमध्ये घमेलं वाहायची. तिला मात्र तोंड होतं. आमचं दोघांचं मिळून एक पुरं माणूस होतं, असं ती चारचौघींत हसून सांगायची. एकुलती पोरगी कांता लग्न होऊन हिंगणीला गेली होती.

वळणाच्या माथ्यावर, सडकेच्या अगदी काठाला, पूरमाय होती. कमरेएवढा काळा दगड, त्यावर वर्षानुवर्षांचा शेंदूर. डोमाजीचा बाप गावचा कोतवाल होता, त्याच्याकडून डोमाजीने लहानपणी एक गोष्ट ऐकली होती. बापाच्या आज्याच्या काळात कावळी नाला फुगला आणि पाणी या टेकाडाच्या माथ्यापर्यंत चढलं. उतरल्यावर लोकांनी पाण्याची जीभ जिथे लागली होती तिथे दगड रोवला, पुढच्यांना कळावं म्हणून. सडक आखणाऱ्यांनीही तो दगड पाहूनच सडक वरून नेली. मग कोणी तरी दगडाला शेंदूर फासला, कोणी नारळ फोडला, आणि दगडाची माय झाली. कशासाठी रोवला होता ते लोक विसरले. नैवेद्य काय लागतो ते लक्षात राहिलं.

सन एकावन्नच्या उन्हाळ्यात सडक गिट्टीची पक्की व्हायची होती. तेव्हाचा ओव्हरसियर वळण पाहून गेला आणि जाता जाता म्हणाला, हा दगड बाजूला करा, रोलर फिरला पाहिजे. त्याला काय, तो जीपमध्ये बसून गेला. गँगमधल्या बाकी सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मायला हात कोण लावणार? त्यातून डोमाजी महार. त्याच्या जातीने वीस पावलांवरून हात जोडायचे, अशी गावची रीत. आठ दिवस तो दगड आणि ओव्हरसियरचा निरोप, दोघे डोमाजीच्या मानेवर बसून राहिले.

शेवटी अल्लीपूरच्या बाजाराचा दिवस आला. गाव रिकामं झालं, गँगही बाजाराला गेली. भर दुपारी डोमाजी आणि कमलाबाई दोन सब्बली घेऊन वळणावर आले. दगड ढोपरभर जमिनीत होता. असला दगड एका सब्बलीने निघत नाही. एकाने पेलायचा, दुसऱ्याने फटीत सब्बल सारून धरायची, की पहिल्याने पुन्हा पेलायचा. दहा हात बाजूला सरकवून उभा करायचा, एवढाच त्यांचा बेत होता. दगड सुटला, डोलला, आणि कमलाबाईने "धरा" म्हणेपर्यंत उताराला लागला. झुडपं मोडत, मुरूम उडवत थेट खाली गेला, नाल्याच्या घाटावरच्या उंबराच्या बुंध्याला धडकला आणि तिथेच उभा राहिला. सरळ उभा. तोंड नाल्याकडे.

दोघे वरून पाहत राहिले. कमलाबाईला आधी हसू फुटलं आणि मग रडू. दगड परत वर आणायला आठ माणसं आणि बैलजोडी लागली असती. डोमाजीने वरचा खड्डा बुजवला, सब्बली खांद्यावर घेतल्या, आणि दोघे घरी येऊन दार लावून बसले.

संध्याकाळी बाजारकरू परतले तर माय जागेवर नाही. पाहतात तो खाली उंबराखाली, पाण्याकडे तोंड करून उभी. चाकांची खूण नाही, दोराचा वळ नाही. पहिली घटका गाव घाबरलं. मग किसनराव आले. गावचे जुने मालगुजार, जमिनीचे धनी. मालगुजारी नुकतीच गेली होती पण आवाज होता तिथेच होता. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, बायांना चढावर यायचा त्रास होत होता, म्हणून माय स्वतः उतरून आली. झालं. दुसऱ्या दिवशी गूळ वाटला गेला. त्या वर्षापासून चैत्रात मायच्या उतरण्याची जत्रा भरू लागली, आणि मायच्या जत्रेची सडक झाडायचं काम अर्थातच डोमाजीकडे आलं.

पुढे दोन वर्षांनी किसनरावांचे दोन नातू एकाच आठवड्यात हगवणीने गेले. म्हातारा घाटावर मायसमोर बसून विचारत होता, तुझ्या अंगावर कोणत्या बाईचा हात पडला, नाव सांग. माणसाचा नाही, बाईचा. असल्या गोष्टीत बाईच शोधतात. डोमाजी वीस पावलांवर सडक झाडत होता. त्या दिवशी त्याने घरी येऊन कमलाबाईला सांगितलं, तो दगड आपण पाहिलाही नाही. ती म्हणाली, पाहिलाच नाई.

सन पंचावन्नच्या थंडीत सडकेचा सर्व्हे आला. ही सडक आता मोठी होणार, राज्याची सडक होणार, वळण निघणार, अशी बोलवा होती. नवा ओव्हरसियर प्रभाकरराव नागपूरचा, तरुण, कामाला चोख, माणूस वाईट नाही. तीन पायांवर दुर्बीण उभी करायचा आणि डोमाजीला लाल-काळ्या आकड्यांची पट्टी घेऊन इकडेतिकडे धाडायचा. नवी आखणी सरळ होती. वळण सोडून ती महारवाड्याच्या मधून खाली उतरत होती आणि कावळी नाला मातीच्या उंच भरावावरून, खाली नळ्या टाकून ओलांडत होती.

भराव किती उंच घ्यायचा ते ठरवायला पुराची सगळ्यात वरची खूण लागते. प्रभाकररावांनी गावाला विचारलं. गावाने किसनरावांकडे पाहिलं. किसनराव त्यांना उंबराखाली घेऊन गेले आणि म्हणाले, माय उभी आहे तिच्यापुढे पाणी येत नाही, तेच दाखवायला ती इथे येऊन उभी राहिली. प्रभाकररावांना चमत्काराशी घेणंदेणं नव्हतं, पण जुनी पुराची खूण म्हणजे त्यांच्या दृष्टीने सोनं होतं. त्यांनी डोमाजीला हाक मारली, पट्टी दगडाच्या बुडाशी लाव.

डोमाजी पुढे झाला तसे किसनराव म्हणाले, "हातभर दूर धर रे डोमा. शिवू नको."

डोमाजीने पट्टी हातभर दूर धरली. ज्या दगडाची खरबरीत पाठ अजून त्याच्या तळहाताला आठवत होती, त्याच्यापासून हातभर. वर दुर्बिणीला डोळा लावून प्रभाकररावांनी आकडा वाचला, वहीत लिहिला, खाली किसनरावांची सही घेतली. वहीतली ती रेषा खऱ्या जागेपेक्षा दोन पुरुष उंचीने खाली होती. डोमाजीला ते ठाऊक होतं. तरी तो बोलला नाही. सगळं गाव जमलं होतं, आणि सरकारी आकडे दहा-दहा वर्षं कागदावर झोपून राहतात हे त्याने पाहिलं होतं. हाही झोपेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

आकडा झोपला नाही. छप्पन सालच्या दसऱ्याला डोमाजी आणि कमलाबाई पांढरे कपडे घालून वर्ध्याहून रेल्वेने नागपूरला गेले आणि लाखोंच्या गर्दीत उभं राहून दीक्षा घेऊन आले. तिथे तोंडाने म्हटलेल्या प्रतिज्ञांमध्ये एक होती, मी खोटं बोलणार नाही. परत आल्यावर वाड्यातल्या सगळ्यांनी घरातले देव गोळा केले आणि कावळी नाल्यात सोडले. डोमाजीही आपली टोपली रिकामी करत होता. मान वर केली तर समोर उंबराखाली पूरमाय. आणि पहिल्यांदाच त्याला तिची भीती वाटली नाही. ती नुसता दगड होती. मग लगेच, पाण्यात उभ्या उभ्या, त्याला जास्तच भीती वाटली. देव कुठेही ठेवला तरी देवच राहतो, पण खुणेचा दगड जागेवरून हलला की खोटं बोलू लागतो.

पुढच्याच महिन्यात राज्य बदललं. निंबखेडी मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेली आणि जागची हलली नाही. साहेबांच्या कागदांवरचे शिक्के बदलले, पण सडकेची आखणी तीच मंजूर होऊन आली. वाड्याची जागा सडकेत जाणार होती. त्याबदल्यात वाड्यातल्या तेवीस घरांना भरावाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, नाल्याकाठच्या सपाट पडीक जमिनीत, प्लॉट मिळणार होते. पुराच्या रेषेच्या वर आहेत, असा दाखला वहीतच होता.

वाड्यात आनंदीआनंद झाला. तो खोटा नव्हता. प्लॉट मिळवायला श्रावणने वर्षभर वर्ध्याच्या कचेरीचे उंबरे झिजवले होते. श्रावण वाड्यातला पहिला सातवी पास, पंचविशीचा, गोड बोलणारा आणि पुढारीपणाला लायक. त्याची आंधळी आजी तानाबाई, तिला तो खांद्यावर बसवून नव्या जागेवर घेऊन गेला आणि तिच्या हातात तिथली माती दिली. तिने ती कपाळाला लावली. डोमाजी बाजूला उभा होता. त्याची नजर मातीकडे नव्हती. तो मागे टेकाडाच्या माथ्याकडे पाहत होता, बुजवलेल्या खड्ड्याकडे, आणि तिथून डोळ्यांनीच एक आडवी रेष ओढून खाली आणत होता. रेष तानाबाईच्या डोक्याच्या बरीच वरून गेली.

त्या हिवाळ्यात भराव चढू लागला. गाढवांच्या पाठीवरून माती येई, बाया ती पसरत, रोलर दाबत जाई. खरं तर हे डोमाजीच्या अभिमानाचे दिवस असायला हवे होते. एवढी मोठी सडक त्याच्या चार मैलांत होत होती. पण भराव जितका उंच होई तितकं त्याला ते धरण दिसू लागलं. चार नळ्यांतून एवढा नाला जाणार कसा? आणि नाही गेला तर थांबणार कुठे? वरच्या अंगाला. प्लॉटांत. तो जेवता जेवता थांबायचा. कमलाबाईला विचारावं लागत नव्हतं.

आधी त्याने श्रावणला गाठलं आणि सगळं सांगितलं. श्रावणने ऐकून घेतलं. मग जमिनीवर काडीने रेघोट्या ओढत तो म्हणाला,

"काका, तीन पिढ्या आपण त्यायच्या पांढरीच्या जागेवर त्यायच्या मेहेरबानीनं राह्यलो. आता पहिल्यांदा कागदावर आपलं नाव येऊन राह्यलं. हे बोलाल तर रेषा वर जाईल, प्लॉट रद्द होतील, अन् सडक तर वाड्यातूनच जाईल. मंग आपण कुठं जावं?"

 श्रावणचं चुकत नव्हतं, हे डोमाजीला कळत होतं. कागद हातात येईपर्यंत थांबा, मग पाहू, असं म्हणून श्रावण उठला.

डोमाजी थांबला असता. थांबणं त्याच्या स्वभावातच होतं. पण कमलाबाई थांबू देईना. नागपुरात तोंड उघडून काय म्हटलं ते विसरले का, असं तिने विचारलं. साहेब गावात येणार त्या दिवशी चावडीवर जाऊन सांगा म्हणाली. आणि तो निघाला तेव्हा दारातून म्हणाली, "सांगायचं त दोघायचं सांगजा. अर्धं नोका सांगू."

चावडीवर प्रभाकरराव प्लॉटांचे कागद वाटायला बसले होते. बाजूला किसनराव. डोमाजी पायरीखाली उभा राहिला आणि एकसुरात, खड्ड्यांची वर्दी द्यावी तसा बोलला. ही मायची जागा नाही. माय वर वळणावर होती. एकावन्न साली रोलरसाठी हलवताना ती उताराला लागली आणि उंबराशी जाऊन थांबली. पुराचं पाणी वरपर्यंत आलेलं आहे. रेषा चुकली आहे.

 किसनराव ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि डोमाजीकडे पाहत राहिले. दोन नातवांची आठवण त्यांच्या तोंडावर उभी होती.

प्रभाकररावांनी कागद बाजूला ठेवला. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. दगड किती जमिनीत होता ते विचारलं. ढोपरभर, डोमाजी म्हणाला. सब्बली होत्या का? होत्या.

"किती जण होते?"

डोमाजीने तोंड उघडलं. आणि त्याला दिसली ती घाटावर बसलेल्या म्हाताऱ्याची पाठ, तो प्रश्न, कोणत्या बाईचा हात. पुरुषाला हे लोक मारतील, जातीवरून शिव्या देतील, कामावरून काढतील. कमलाला काय करतील? नातू खाल्ले म्हणतील. आणि असं एकदा म्हटलं की त्या बाईचं काय होतं ते या मुलखात सांगावं लागत नाही.

"एकटाच होतो साहेब."

प्रभाकररावांचा चेहरा उतरला. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. आठ वर्षं सडकेवर काढलेला माणूस होता तो. "डोमाजी, ढोपरभर रोवलेला एवढा दगड एका माणसाच्या सब्बलीने निघत नाही. तू मेट आहेस, तुला मी सांगायचं?"

किसनरावांच्या छातीतून श्वास सुटला. त्यांनी पागोटं परत डोक्यावर ठेवलं. "देव सोडले, आता देवाची बदनामी करून राह्यले," एवढंच ते म्हणाले, जवळपास मायेने. लोक हसले. श्रावण हसला नाही, त्याने आपला कागद घ्यायला हात पुढे केला. कागद वाटणं पुढे चालू झालं. डोमाजी थूलच्या नावाचाही कागद होता. त्याने अंगठा उठवला.

खरं सांगायला गेलेला माणूस एक शब्द खोटा बोलला आणि त्याचं सगळंच खोटं ठरलं. घरी आल्यावर कमलाबाईला ते सांगावं लागलं. ती चुलीपाशी बसली होती. तिने भाकर तव्यावर तशीच जळू दिली.

"माहं नाव काऊन गिळलं तुमी?"

तुझ्या जिवासाठी, असं तो म्हणाला. ती म्हणाली, तेवीस घरांत किती जीव आहेत ते मोजा. मी जाऊन सांगते, असं म्हणून ती उठली, तेव्हा डोमाजीने आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापुढे हात जोडले. ती बसली. त्या उन्हाळ्यात ते दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होते.

घरं उठली. माती, कूड, वरून कवेलू म्हणजे कौलं. वाडा सोडून लोक गाजतवाजत खाली उतरले. डोमाजीला वर वळणावर, त्या बुजवल्या खड्ड्यापाशी झोपडी टाकायची होती. कमलाबाईने नकार दिला. सगळी वस्ती खाली आणि आपण वर, हे मले नाई जमत, म्हणाली. तेव्हा तेही खाली आले. त्यांचं घर नाल्याच्या सगळ्यात जवळचं. ते त्याने मागून घेतलं होतं. दर सकाळी उठून तो आधी नाला पाहायचा, मग तोंड धुवायचा.

अठ्ठावन्नच्या पोळ्याला पाऊस तिसऱ्या दिवशीही थांबला नव्हता. बैलांच्या शिंगांचे रंग ओघळून कपाळावर आले होते. तरी गावात तोरण बांधलं होतं, ढोल वाजत होता. डोमाजी सकाळपासून भरावावर होता. नळ्यांच्या तोंडांत झुडपं, कुटार-भुसा, मेलेली बकरी, काय काय अडकत होतं, आणि तो व गँगची दोन माणसं लांब बांबूंनी ढोसून मोकळं करत होती. दुपारी मोटार यायची होती. ती थांबवायला तो त्या दोघांसह, लाल निशाण घेऊन, नाला ओलांडून पलीकडच्या टोकाला गेला. मोटार आली, थांबली, ड्रायव्हर कुरकुरत मागे वळला.

डोमाजी परत फिरला तर भरावाच्या मधोमध पाणी सडकेवरून जात होतं. फार नव्हतं, घोट्याएवढं. पण वरच्या अंगाला नाला राहिला नव्हता. तिथे तळं होतं, तांबडं, शांत, आणि ते पाहता पाहता रुंद होत होतं. उंबर अर्धा बुडाला होता. मायचा पत्ताच नव्हता. त्याने पाऊल टाकलं तसा समोरचा भराव, त्याच्याच हातांनी दाबलेला, हातभर खचला आणि पाणी त्यातून जोरात घुसलं. गँगच्या माणसांनी त्याला मागे ओढलं.

मग तो फक्त पाहू शकत होता. दीड फर्लांगावर वस्ती. दारादारांतून लोक सामान वर आढ्याला बांधत होते. पाणी थांबेल, रेषेच्या वर आहोत, असं त्यांना वाटत होतं. वाटणारच, तसा दाखला होता. आणि त्या घरांमधून कमरेपर्यंत भिजलेली, पदर खोचलेली एक बाई या दारातून त्या दाराला जात होती. प्रत्येक दारात ती थांबायची, हात टेकाडाकडे करायची. तिचा आवाज इकडे पोचत नव्हता. मग एका घरातून माणसं निघाली. मग दुसऱ्या. मग सगळी वस्ती मुलं काखोटीला मारून चढाला लागली.

ती काय बोलत होती ते डोमाजीला नंतर श्रावणने सांगितलं. ती म्हणत होती, दगड वर होता, मी संग होती, माह्या हातात सब्बल होती, वर चला. श्रावण म्हणाला, तुम्ही सांगितलं तेव्हा तो एक किस्सा वाटला, काका. चढावर काकूने सब्बल कशी धरली ते हात करून दाखवलं आणि मला कळलं की हे खरं आहे. श्रावण त्या वेळी पोळ्याच्या बैलांमागे गावात होता आणि धावत येऊन चढावर पोचला होता. त्याने मोजलं तर तानाबाई नव्हती. आंधळी म्हातारी हाताला आलेलं आपलं दार सोडायला तयार नव्हती. श्रावण खाली धावला, पण त्याच्या आधी कमलाबाई वळली होती.

डोमाजीने भरावावरून तिला त्या दारात शिरताना पाहिलं. मग ती भिंत बसली, पावसात मातीची भिंत बसते तशी, आवाज न करता. तो हाका मारत होता. किती वेळ ते त्याला आठवत नाही.

दोघी दुसऱ्या दिवशी नळ्यांच्या तोंडाशी सापडल्या. तानाबाईचं मनगट कमलाबाईच्या मुठीत होतं. कांता हिंगणीहून आली, ती बापाकडे पाहतही नव्हती. वस्तीतलं बाकी एकही माणूस गेलं नव्हतं. पाणी वर वळणावरच्या बुजवलेल्या खड्ड्यापासून हातभर खाली येऊन थांबलं होतं, तिथे कुटाराची एक आडवी रेघ राहिली होती.

आठ दिवसांनी प्रभाकरराव दुर्बीण घेऊन आले. त्यांची दाढी वाढलेली होती. फुटलेल्या भरावाकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मग वर वळणावर चढले. माती काढायला लावली, तेव्हा ढोपरभर खोल, दगडाच्या बुडाच्या आकाराचा खड्डा निघाला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या मुरमात सब्बलींचे घाव अजून दिसत होते. समोरासमोर, दोन. किसनराव काठीवर रेलून उभे होते. आज ते कुणाला दूर धर म्हणाले नाहीत.

प्रभाकररावांनी पट्टी डोमाजीच्या हातात दिली. त्याने ती खड्ड्यात उभी धरली. मग दुसराही हात लावला. आकडा वाचला गेला. प्रभाकररावांनी वही उघडली, जुन्या रेषेवर काट मारली आणि लिहू लागले. खूण मुळात इथे होती. सन एकावन्नमध्ये हलवली गेली. मग पेन्सिल थांबली. त्यांना वर बघवत नव्हतं, तरी वहीत ते लिहायला हवं होतं.

"किती जण होते, डोमाजी?"

"दोघायनं हलवला साहेब," डोमाजी म्हणाला. "तिचं नाव अदुगर लिहा."

प्रभाकररावांनी तिचं पूर्ण नाव विचारलं आणि तसं लिहिलं.